टेबलाखाली वाजणारा टेलिफोन

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे आणि मी वैतागलो आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळुवार आवाजात सांगावी अशी सगळ्यांची अपेक्षा असते, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या पोटात हळुवार आवाज बसवलेलाच नाही. घंटा बसवली आहे, आणि ती अजून ठणठणीत आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. रंग सायीसारखा, बटणे काळी आणि रिसीव्हर असा जड की तो खाली ठेवला की खोलीतल्या सगळ्यांना कळावे, बोलणे संपले. कारखान्यातून मी खोक्यात बसून निघालो तो थेट एका ज्येष्ठांच्या निवासात आलो. तीन मजल्यांची इमारत, सावकाश चालणारी लिफ्ट, खाली मोठा हॉल आणि हॉलच्या तोंडाशी एक लाकडी टेबल. त्या टेबलावर माझी स्थापना झाली.

हा निवास एका बाईंनी उभारला होता. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. टेबलामागे बसायची ती ताई. ताईला तिच्या घरच्यांनी काय नाव ठेवले होते कोण जाणे, पण आमच्याकडे ऐंशी वर्षांचे आजोबासुद्धा तिला ताईच म्हणत. मी वाजलो की ती उचलायची, आणि 'हॅलो'वरूनच पलीकडचे माणूस ओळखायची.

"ताई, आई जेवली का?"

"जेवली. आणि सूप पाणचट आहे म्हणून स्वयंपाक्याला सुनावून आली."

"मग बरी आहे म्हणायची!"

अशा बोलण्यांनी माझा दिवस भरलेला असायचा. परगावी नोकरी करणारे मुलगे, संसारात अडकलेल्या लेकी, वाट चुकल्यासारखा वर्षातून एकदा फोन करणारे पुतणे, सगळे माझ्यातूनच आत येत. त्यांतली मास्तरांची लेक तर रोजची. मास्तर म्हणजे आयुष्यभर शिवणयंत्रावर बसलेले गृहस्थ. त्यांची लेक परगावी रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करायची आणि दुपारच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी फोन करायची. मास्तरांना ऐकू कमी येई. कानात मशीन घातले की समोरच्याचे बोलणे कळे, पण फोनवर नुसती गुणगुण. म्हणून ताई मध्ये उभी राही.

"मास्तर, लेक विचारतेय, स्वेटर घातला का?"

"तिला सांग, तिनं घातला का ते आधी बोल म्हणावं!" मास्तर सोफ्यावरून ओरडत. ते ओरडणे मी जसेच्या तसे परगावी पोहोचवी. पलीकडे लेक हसे. मित्रांनो, टेलिफोनाला याहून मोठी पदवी नको असते.

मग मोठ्या बाई थकल्या. डोळे गेले, गुडघे गेले, आणि सांभाळणारे कुणी पुढे आले नाही. त्यांनी निवास एका कंपनीला विकला. जाताना हॉलमध्ये सगळ्यांना जमवून त्या म्हणाल्या, "काळजी करू नका. काही बदलणार नाही, फक्त पाटी बदलेल."

पाटी बदलली आणि 'फक्त' तिथेच संपले.

नवे व्यवस्थापक आले. गळ्यात ओळखपत्र, हातात सदैव मोबाइल आणि तोंडात सदैव एकच शब्द. चहा उशिरा का? प्रोसेस आहे. जेवण लवकर का? प्रोसेस आहे. आठवडाभरात त्यांचे नाव प्रोसेससाहेब पडले. कुंड्यांतली खरी झाडे गेली, प्लास्टिकची आली. ओळखीचे मदतनीस एकेक करून गेले आणि नवे आले. ते वाईट नव्हते, पण कुणाला काय लागते हे त्यांना सांगणारे कुणी उरले नव्हते. आणि मग ताईची पाळी आली. टेबलावर माणूस बसवायची गरज नाही, असे वरून ठरले. ताईने आपल्या रुमालाने मला पुसले, म्हणाली, "चल रे बाबा," आणि पर्स उचलून निघून गेली. माझ्या जागी संगणकाचा एक चकचकीत पडदा उभा राहिला.

पडदा बसवणाऱ्या तंत्रज्ञाला प्रोसेससाहेब म्हणाले, "हा जुना फोन काढून टाका."

तो म्हणाला, "माझं काम नवं बसवायचं. जुनं काढायचं कंत्राट वेगळं."

"मग कुठे ठेवायचा?"

"ते तुम्ही बघा."

त्याने मला वायरीसकट टेबलाच्या खालच्या कप्प्यात कोंबले. वायर भिंतीत तशीच राहिली. मी जिवंत होतो, हे कुणाच्या ध्यानातच आले नाही.

आता कुटुंबांचे काय झाले ते ऐका, कारण ते मी कप्प्यातून रोज ऐकत होतो. चौकशीसाठी सगळ्यांना एक नवा नंबर दिला होता. त्यावर फोन केला की एक गोड आवाज म्हणे, "तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." मग संगीत. मग 'एक दाबा', 'दोन दाबा'. मग पुन्हा तोच गोड आवाज, आणि पुन्हा तेच महत्त्व. एकदा तर एक मुलगा माझ्या डोक्यावर, म्हणजे टेबलासमोर, उभा राहून त्याच नंबरला फोन करत होता. त्याला वर वडिलांना भेटायला जायचे होते आणि पडदा म्हणत होता, आधी फोनवर वेळ ठरवा.

"अहो, मी तुमच्या हॉलमध्येच उभा आहे!" तो मोबाइलमध्ये ओरडला.

"चौकशीसाठी एक दाबा," मोबाइल म्हणाला.

माझी वायर तापली, मित्रांनो. सात मजली शिवी द्यावी असे वाटले, पण आमच्या जातीला फक्त दुसऱ्याचे शब्द पोहोचवता येतात.

आणि एका दुपारी मी वाजलो.

वाजलो आणि स्वतःच दचकलो. घंटा कप्प्यात घुमत होती. हॉलमध्ये सोफ्यावर हेडबाई पेपर वाचत होत्या. त्या इथल्या रहिवासी. पूर्वी मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि त्यांच्या आवाजाला निवृत्ती ठाऊक नव्हती. त्यांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले, मग गुडघ्याला हात लावत, कण्हत, खाली बसल्या आणि कप्पा उघडून मला उचलले.

"हॅलो! हॅलो! माणूस आहे का पलीकडे?" मास्तरांची लेक होती. चिडून चिडून तिने शेवटी जुना नंबर फिरवला होता.

"माणूसच आहे. तू कोण ते नीट सांग."

"मास्तरांची मुलगी. बाबा कसे आहेत? कुणी काही सांगतच नाही हो!"

"मास्तर? ते तर जेवायला खाली येत नाहीत बरेच दिवस. मला वाटलं, तू घेऊन गेलीस."

"मी? अहो, मला तर मोबाइलवर नुसता मेसेज येतो, प्रकृती स्थिर आहे."

"स्थिर तर हा खांबही आहे," हेडबाई म्हणाल्या. "थोड्या वेळानं परत कर. मी बघून येते."

त्या गेल्या. लेकीचा फोन पुन्हा आला तेव्हा हेडबाई टेबलाशी खुर्ची ओढूनच बसल्या होत्या, आणि पहिल्या घंटेला त्यांनी मला उचलले. त्यांचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता.

"ऐक. घाबरू नकोस. तुझ्या बाबांना वरच्या मजल्यावर नेलंय. विशेष देखभाल म्हणतात त्याला. जे भ्रमात असतात ना, त्यांच्यासाठी आहे ते. दाराला बाहेरून कुलूप."

"भ्रमात? बाबा?"

"दारावर लिहिलंय, प्रतिसाद देत नाहीत. अगं, कानात मशीन नाही त्यांच्या, प्रतिसाद कुठून देणार? मी दाराबाहेरून ओरडून विचारलं, जेवलात का? तर म्हणाले, हो, हवा छान आहे आज. नवीन माणसं हे ऐकून काय समजणार?"

पलीकडून नुसता श्वास आला, तुटक. मी बरीच रडणी वाहून नेली आहेत. शब्दांतली रडणी सोपी, श्वासातली जड असतात.

"मी उद्या येते," लेक म्हणाली.

सकाळी ती आली. प्रवासाची पिशवी खांद्यावर तशीच. पडद्याकडे तिने पाहिलेही नाही. "व्यवस्थापक कुठे आहेत?" एवढेच ती म्हणाली, पण असे म्हणाली की प्रोसेससाहेब केबिनमधून आपोआप बाहेर आले.

"मॅडम, त्यांचं मूल्यमापन झालेलं आहे. प्रश्न विचारले होते. एकाचंही उत्तर बरोबर आलं नाही."

"प्रश्न ऐकू आले का त्यांना?"

"म्हणजे?"

"ते बहिरे आहेत! त्यांचं कानातलं मशीन कुठे आहे?"

प्रोसेससाहेबांनी मोबाइलवर बोट फिरवले. "तशी काही नोंद नाही. आणि खोली बदलण्याआधी घरच्यांना विचारणं प्रोसेसमध्ये येत नाही."

"त्यांचं जुन्या खोलीतलं सामान?"

सामान टेबलामागच्या कोठीत होते. दोन गोण्यांत भरून, तोंडे बांधून ठेवलेले. लेकीने गोण्या हॉलमध्ये ओढल्या आणि तिथेच जमिनीवर रिकाम्या केल्या. सदरे, मफलर, कात्री, बटणांचा डबा. हेडबाई खुर्चीतून सूचना देत होत्या, "खिसे बघ, खिसे!" शेवटी चष्म्याच्या घरात ते मशीन सापडले. रात्री निजताना मास्तर ते तिथे ठेवत. सकाळी ते घालायच्या आत माणसे आली होती आणि त्यांना उचलून घेऊन गेली होती.

मग मास्तरांना खाली आणले. चाकाच्या खुर्चीत. जे गृहस्थ जिन्याने उतरून लिफ्टवाल्यांच्या आधी हॉलमध्ये पोहोचत, ते खुर्चीत मान घालून बसले होते. लेकीने मशीन त्यांच्या कानात बसवले. बारीक शिट्टी वाजली. मास्तरांनी मान वर केली. हॉलभर पाहिले.

"इथले सगळे इतके दिवस माझ्याशी कुजबुजत का होते गं?"

हेडबाई हसल्या आणि मग त्यांनी चष्मा काढून पदर, नव्हे, पेपरचा कोपरा डोळ्यांना लावला. मास्तर मात्र हसत नव्हते. त्यांनी लेकीचा हात धरला होता.

"तू फोन करायचं सोडलंस, असं वाटलं मला," ते म्हणाले. "म्हटलं, कामात असेल. म्हटलं, कंटाळली असेल. किती दिवस विचारायचं म्हाताऱ्याला, स्वेटर घातला का."

"रोज केला बाबा," ती म्हणाली. "रोज केला हो."

केला होता. मी साक्षीदार नव्हतो, कारण तो दुसऱ्या नंबरवर केला होता, संगीत वाजवणाऱ्या. पण तिच्या आवाजावरून मला कळले.

त्या दिवसापासून माझा नंबर कुटुंबाकुटुंबांत पसरला. "त्या जुन्या नंबरला करा, तिथे हेडबाई उचलतात." न्याहारी झाली की हेडबाई खुर्ची घेऊन बसत. कुणाची आई पडली, कुणाचे आजोबा रुसले, सगळ्याची खबर त्या देत. त्यांचा मुलगा मात्र भेटायला आला की तडतडे.

"आई, तू इथे राहायला आलीस की नोकरीला?"

"फोन वाजतोय तो ऐकू येतोय ना तुला?"

"येतोय."

"मग उचल, नाहीतर गप्प बस."

त्याने उचलला. पुढच्या रविवारी कुटुंबांना हॉलमध्ये जमवण्यात तोच पुढे होता.

हॉल भरला. मागण्या साध्या होत्या. टेबलावर एक जिवंत माणूस हवे. आणि कुणालाही खोलीतून हलवण्याआधी घरच्यांशी बोलायला हवे. प्रोसेससाहेब म्हणाले, "माझ्या हातात नाही. मुख्य कार्यालयाला विचारावं लागेल."

"आत्ता विचारा," मास्तरांची लेक म्हणाली. "सगळ्यांना ऐकू येईल असं."

त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवून नंबर लावला. "तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," गोड आवाज म्हणाला. मग संगीत. हॉलमध्ये कुणी हसले नाही. सगळे बघत राहिले. संगीत संपले, पुन्हा सुरू झाले. प्रोसेससाहेबांनी टाय सैल केला. मग ते हळूच म्हणाले, "मलाही रोज असंच होतं." त्यांच्या तोंडून आलेले ते पहिले वाक्य, ज्यात प्रोसेस नव्हती. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून अधिकच चीड आली.

पुढे बरीच ओढाताण झाली. शेवटी दिवसा टेबलाशी नवा फोन घेऊन एक मुलगी बसू लागली आणि खोली बदलण्याआधी घरी कळवायचे ठरले. ताई परत आली नाही. तिला एका दवाखान्यात काम मिळाले होते. मास्तर कुलपाच्या दारातून बाहेर आले, पण जुनी खोली दुसऱ्या कुणाला देऊन झाली होती. त्यांना गाड्या उभ्या करतात त्या बाजूची मिळाली. लेक म्हणाली, माझ्याकडे चला. ते म्हणाले, "तू दिवसभर कामावर. तिथे मी भिंतीशी बोलू का? इथे निदान भांडायला माणसं आहेत." काही कुटुंबांनी मात्र आपली माणसे दुसरीकडे हलवली. जेवणाच्या हॉलमध्ये त्या खुर्च्या अजून रिकाम्या दिसतात.

माझी वायर मागच्या महिन्यात काढली. कंत्राट मिळाले असावे कुणाला तरी. आता मी टेबलाच्या कडेला नुसता बसलेला असतो. आणि काल ऐकले की ही कंपनीसुद्धा निवास विकणार आहे. मास्तरांनी ते ऐकले आणि हात वर करून कानातले मशीन नीट बसले आहे ना, ते चाचपून पाहिले.

मित्रांनो, तुमच्या घरातली वडीलधारी माणसे कुठे राहतील, हे ठरवणारा मी कोण! पण अशा जागी कुणाला ठेवायला गेलात तर बाग बघू नका, लिफ्ट बघू नका, मालकाची ओळख मागाहून करून घ्या. आधी विचारा, इथला फोन कोण उचलतं? त्या माणसाला भेटा. त्याला सांगा, आमच्या बाबांना कमी ऐकू येतं, जरा मोठ्यानं बोला. आणि मग फोन करा. रोज करा.