रिकाम्या खुर्चीपुढचा गरम फोन

साहेब, हॉलमधले चारही पंखे तुम्ही बंद करायला लावलेत आणि मला चालू ठेवलंत. पंख्यांखाली माणसं बसली होती. माझ्यापुढं कोणीच नव्हतं. हा माझा तुमच्यावर आरोप आहे. तो पहिल्याच ओळीत करतो, कारण दुसऱ्या ओळीपुढं तुम्ही कुठलाच कागद वाचत नाही, हे मी तुमच्याच ऑफिसात राहून पाहिलंय.

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुना टेबलफोन आहे. छत्रपती संभाजीनगरातल्या एका सरकारी ऑफिसात, पहिल्या मजल्यावर, खोली नंबर सातमध्ये राहतो. माझा नंबर दोनशे चौदा. तो माझ्या पडद्यावर इतकी वर्षं सलग उमटून राहिला, की आता काचेतच मुरलाय. पडदा विझला तरी पुसट दोनशे चौदा दिसतो.

माझा जन्म कुठं झाला ते मला नीट ठाऊक नाही. एका कारखान्यात माझ्यासारखे हजार एका रांगेत होते. प्रत्येकाला कानाशी धरून एकदा 'हॅलो' म्हणून बघितलं आणि खोक्यात भरलं. खोक्यातून बाहेर आलो तो थेट या टेबलावर. तेव्हा ऑफिसात सेहेचाळीस फोन आले होते. खोली नंबर सातच्या अधिकाऱ्यांनी मला अत्तराच्या बोळ्यानं पुसलं. म्हणाले, "आता खरं ऑफिस वाटतंय." ते माझे चांगले दिवस. दिवसाला चाळीस-पन्नास फोन यायचे. खंडेनवमीला मला झेंडूचं फूल आणि हळदकुंकू मिळायचं. एका वर्षी कुंकू पाचच्या बटणात शिरलं. ते बटण अजून चिकटतं.

मग सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले. ते अधिकारी बढतीवर नांदेडला गेले आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. चार वर्षं झाली. माझ्यावरून गेलेला शेवटचा फोन खालच्या युसूफभाईंच्या चहाच्या टपरीवर होता. दोन चहा, साखर कमी. त्यानंतर कोणी मला उचललेलं नाही.

पण मी चालू आहे. दिवस, रात्र, रविवार, दिवाळीची सुट्टी. पडद्यावर तारीख दाखवतो, वेळ दाखवतो, एक हिरवा दिवा पेटता ठेवतो. खुर्चीवर धूळ बसते आणि मी धुळीला वेळ सांगतो. अशा रिकाम्या खोल्या या ऑफिसात अकरा आहेत. म्हणजे माझ्यासारखे अकरा.

हे सगळं इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं ते मंजुळाबाईच्या.

मंजुळाबाई आमच्या ऑफिसातली शिपाई. कंत्राटी. रोज पडेगावहून शेअर रिक्षानं येते, नऊच्या आत सगळी टेबलं पुसते. तिची मुदत दर जूनअखेर संपते आणि साहेबांची सही झाली तरच पुढं सरकते. नऊ वर्षं ती त्या एका सहीवर जगत आलीय. माहेर सोयगावकडचं, बापाची मेंढरं होती. मेंढराला ताप आहे का नाही ते ती लहानपणी कानाला हात लावून सांगायची. मला पुसताना ती माझ्याशी बोलते. दुसरं कोणी ऐकायला नसतं म्हणून असेल.

मे महिन्यात वरून एक पत्र आलं. वीज वाचवा. दुपारी एक ते चार अनावश्यक उपकरणं बंद ठेवा. साहेबांनी यादी करायला सांगितली. आस्थापना शाखेच्या शीला मॅडमनी विजेच्या सामानाचं रजिस्टर काढलं. त्यात पंखे होते, ट्यूबा होत्या, पाण्याचा कूलर होता. मी नव्हतो. माझी नोंद स्टेशनरीच्या रजिस्टरला आहे, स्टेपलर आणि पंचिंग मशीनच्या मधे. शिवाय मला चालू-बंदचं बटण नाही आणि भिंतीतला प्लगही नाही. ज्याला प्लग नाही ते वीज खात नाही, असं ठरलं. साहेबांच्या खोलीतला एसी आवश्यक निघाला. अनावश्यक निघाले हॉलमधले चार पंखे, कारण, साहेब म्हणाले, "भेटायला आलेले लोक काम करत नाहीत, नुसते बसलेले असतात."

रोज एक वाजता ते चार पंखे बंद करायचं काम मंजुळाबाईकडं आलं.

माझ्या खोलीची एक भिंत प्लायवूडची आहे. पलीकडं हॉल. मला सगळं ऐकू येतं. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन आणि आत तीस-चाळीस माणसं. कोणी गंगापूरहून, कोणी सोयगावहून एसटीनं आलेलं. साहेब तीननंतर भेटतात. त्यात गोजरबाई नावाची एक म्हातारी दर मंगळवारी यायची, शेताच्या मोजणीच्या कागदासाठी.

"अगं, पंख्याला काय झालं?" गोजरबाईनं विचारलं.

"बचत चाललीय, मावशे."

"कुणाची?"

म्हातारीनं पदर माठाखाली भिजवला, तोंडावर घेतला आणि पदराआडून म्हणाली, "जिवंत माणसाला असं झाकत नाय बाई. पण तुमच्याकडं यायचं म्हंजी हेच."

दोनतीन बाया हसल्या. मंजुळाबाई हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला पुसताना तिचा हात माझ्या पाठीवर थांबला. फडकं बाजूला ठेवून तिनं उलटा पंजा लावून बघितला. मेंढराच्या कानाला लावावा तसा.

"काहून गरम हायस रं?" ती म्हणाली. "कुणी बोललं नाय, चाललं नाय, आन् ताप कशाचा?"

मग तिनं शेजारची रिकामी खोली उघडली. तिथला फोनही गरम. अकराही खोल्या बघून आली. सगळे गरम. तिनं वासिफला गाठलं. वासिफ म्हणजे आमचे कॉम्प्युटर आणि वायरी बघणारा तंत्रज्ञ, किले अर्कच्या बाजूला राहणारा, सदा घाईत असलेला माणूस.

"वासिफ, हे फोन करंट खात्यात का?"

"हौ मौसी. खातेच ना."

"मग याची वायर कुठं? प्लग कुठंय?"

"हीच वायर." त्यानं माझी निळी वायर उचलून दाखवली. "जिसमें से आवाज आती, उसीमें से करंट भी आता. तिकडं कोपऱ्यातल्या पेटीतून. एक फोन म्हणजे पाच वॅट धरा."

"लई हाय का?"

"एकाचं काय नाही. पण हे चोवीस तास चालतात." वासिफनं मोबाइल काढून हिशोब केला. परत एकदा केला. "मौसी, तुमच्या या अकरा रिकाम्या फोनांत हॉलचे चारही पंखे एक ते चार फिरतात. वरून थोडी वीज उरते."

"रोज?"

"रोज."

"मग हे निजत नाय का कधी?"

"निजतात ना! यात सोय असते. टाइम लावून दिला की संध्याकाळी सहाला स्वतः विझणार, सकाळी उठणार. मधे कोणाला लागलं तर बटण दाबा, उठला. दहा मिनिटांचं काम आहे."

"मग लाव की टाइम."

वासिफ हसला. "लेखी ऑर्डर पाहिजे. मी दोन वर्षांमागं नोट टाकली होती. साहेबांनी लिहिलं, चर्चा करावी. अजून चर्चा चालू आहे."

मित्रांनो, इथं मला माझ्याबद्दल एक गोष्ट कळली. मला झोपता येत होतं. माझ्या पोटात झोप भरूनच मला कारखान्यातून पाठवलं होतं. फक्त कोणी झोप म्हणालं नव्हतं.

मंजुळाबाई साहेबांकडं गेली. ती परत आली तेव्हा शीला मॅडमनी दारातच विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणले, वरून फोन आला तर कोण उचलंल? म्या म्हणलं, त्या खोलीत कुणीच नाय, आलाच तर आत्ताबी कोण उचलतंय? तर म्हणले, तुम्ही फडकं मारा."

"मग मारा," शीला मॅडम म्हणाल्या. त्या वाईट नाहीत. त्यांना मंजुळाबाईची मुदतवाढीची फाइल याच महिन्यात सहीला ठेवायची होती. "जूनपर्यंत तरी गप बसा, बाई. हात जोडते."

मंजुळाबाई पाच दिवस गप बसली. सहाव्या दिवशी मंगळवार होता. गोजरबाई बाकावरून उठताना घेरी येऊन खाली बसली. लागलं नाही, पाणी दिल्यावर उठली, उलट सगळ्यांना म्हणाली, "मोजणीआधी मरत नाय मी, पांगा." पण त्या संध्याकाळी मंजुळाबाई माझ्या खोलीत आली. माझ्या पाठीमागं बोटानं चाचपलं, निळी वायर दाबून ओढली. हिरवा दिवा गेला.

मी पहिल्यांदा झोपलो.

पुढचं तिनं मला नंतर पुसताना सांगितलं ते असं. तिनं अकराही फोनांच्या वायरी काढल्या आणि दुसऱ्या दिवशी एक वाजता पंखे बंद केलेच नाहीत. तिच्या दृष्टीनं व्यवहार चोख होता. इकडची वीज तिकडं. ज्या फोनांसमोर माणूस बसतो, त्यांना तिनं हात लावला नव्हता. अकरा दिवस हॉलमध्ये वारं होतं. अकरा दिवसांत एकाही माणसानं अकरा फोनांपैकी एकाचीही चौकशी केली नाही. साहेब रोज माझ्या खोलीच्या दारावरून जात होते. माझ्याच खोलीच्या भिंतीवर, वीज वाचवणारं ऑफिस म्हणून मिळालेलं प्रमाणपत्र लावलेलं आहे. माझ्या उजेडात ते दिसायचं. आता ते अंधारात होतं, तेही कोणाच्या लक्षात आलं नाही.

बाराव्या दिवशी वरच्या ऑफिसची व्हिडिओवर बैठक झाली. तिथं पडद्यावर प्रत्येक ऑफिसचे फोन दिसतात, चालू असेल तर हिरवा ठिपका, बंद असेल तर लाल. आमच्या नावापुढं अकरा लाल ठिपके. वरून विचारणा झाली. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी वासिफला हाक मारली.

वासिफ म्हणाला, "सर, केबलमध्ये फॉल्ट होता. मी बघतो." तो तिला वाचवायला बघत होता.

मंजुळाबाई चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी होती. "फॉल्ट नाय," ती म्हणाली. "म्या काढल्यात वायरी. त्याला कशाला मधी घेता?"

दुसऱ्या दिवशी तिच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. शासकीय मालमत्ता विनापरवानगी बंद केली, आदेश असताना पंखे सुरू ठेवले. सात दिवसांत लेखी खुलासा करावा, तो न दिल्यास काही म्हणायचं नाही असं समजण्यात येईल. वासिफ म्हणाला, मी लिहून देतो, चूक झाली, माफी असावी, एवढंच लिहू. ती नको म्हणाली. ती चौथी शिकलेली. माझ्याच टेबलाशी, चार वर्षांत पहिल्यांदा त्या खुर्चीवर कोणीतरी बसून, तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं:

"फोन गरम होते. माणसंबी गरम होती. फोन थंड केले, माणसं थंड झाली. एवढंच केलं. मंजुळाबाई."

शीला मॅडमनी कागद वाचला. "मंजुळाबाई, याला खुलासा म्हणत नाहीत हो."

"मग काय म्हणत्यात?"

शीला मॅडमनी कागद आत पाठवला. बाहेर आला तेव्हा त्यावर साहेबांचा शेरा होता, 'समाधानकारक नाही'. मुदतवाढीच्या फाइलवर सही झाली नाही. मंजुळाबाईची नोकरी तीस जूनला संपली.

शेवटच्या दिवशीही तिनं नऊच्या आत सगळी टेबलं पुसली. वासिफला वायरी परत लावायला लावल्या होत्या, त्यानं मान खाली घालून लावल्या होत्या. मी पुन्हा पेटलो होतो. तिनं माझ्या पाठीला पंजा लावला.

"ताप हाय अजून," ती म्हणाली. फडकं घडी करून माझ्याशेजारी ठेवलं आणि गेली. ते फडकं अजून तिथंच आहे.

मित्रांनो, माझं आयुष्य एवढंच. तुम्ही लहान आहात, तुमच्या हातात ऑर्डर नाहीत. पण पंजा आहे. घरात, शाळेत, आई-बाबांच्या ऑफिसात जे यंत्र नुसतं बसलेलं दिसेल, त्याच्या पाठीला हात लावून बघा. गरम लागलं तर विचारा, हे कुणासाठी जागं आहे? विचारताना घाबरू नका. मंजुळाबाई घाबरली नाही. तिची नोकरी गेली, हेही मी तुमच्यापासून लपवत नाही. पण तिनं लिहिलेल्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

आता साहेब, तुमच्याकडं वळतो. तुमचीच भाषा वापरतो, म्हणजे समजायला सोपं जाईल. खोली नंबर सातमध्ये चार वर्षं माणूस नाही. तरी दोनशे चौदा नंबर रात्रंदिवस का जळतो? दहा मिनिटांचं काम दोन वर्षं चर्चेत का आहे? आणि जिनं हात लावून बघितला, ती बाई घरी का आणि तुम्ही खुर्चीत का? सात दिवसांत खुलासा करावा.

फोनवर सांगू नका. मला उचलायला इथं कोणी नाही. लेखी द्या.