बोटभर रिकामी जागा

आमच्या घराच्या मागच्या खोलीत मेणबत्त्या व्हायच्या. मोठ्या पातेल्यात उकळतं पाणी, त्यात मेणाचं भांडं, भिंतीशी पत्र्याचे साचे. मेणावर धूर दिसला की आई लगेच आच कमी करायची. म्हणायची, हे मेणच हवेत निघालंय, ठिणगी मिळाली तर घर घेऊन जाईल. ओतायचं काम ती कुणाला देत नसे. मी वाती ओवायचे, दादा माल पोचवायचा.

वहिनीच्या वडिलांचा बर्फाचा कारखाना. पाणी गोठवायच्या पत्र्याच्या डब्यांमध्येच ती वाढलेली. दादा म्हणायचा, आता घरात कुणी तापलं तरी काळजी नाही. वहिनीचं मन स्वयंपाकघरात रमत नसे. दारात उभी राहून ती ओतणं बघायची. मी करू का, असं तिने किती वेळा विचारलं असेल. आई दर वेळी म्हणे, बघू.

एकदा मावशी आजारी पडली आणि आईला जावं लागलं. जाड मेणबत्त्यांचं काम अंगावर होतं. जाताना आईने ओतणं वहिनीवर सोपवलं आणि बजावलं, बिघडलं तर पुन्हा या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

वहिनीने एक थेंब सांडला नाही. साचे मात्र वरून बोटभर रिकामे ठेवले. मला वाटलं, आईनेच तसं सांगितलं असेल.

संध्याकाळी आई आली आणि साच्यांवर वाकली. मेणबत्त्या उंचीला कमी भरल्या होत्या, शिवाय साच्यात मेणबत्ती उलटी असते, तर वर आलेलं प्रत्येकीचं बूड मधोमध खचलेलं.

"ही जागा कुणासाठी राखलीस?"

"फुगायला," वहिनी म्हणाली. "बाबांकडे डबा काठोकाठ भरला तर बर्फ वर येतो, पत्रा फाटतो."

दादाला हसू फुटलं. आईने नुसतं बघितलं, तसा तो गप्प झाला. मग ती म्हणाली, मेण थिजताना आकसतं, म्हणून काठोकाठ भरायचं आणि खचेल तसं वरून घालायचं. आता गार मेणावर गरम ओतलं तर सांधा दिसेल. सगळं काढून पुन्हा वितळवायला हवं होतं. पण मेणबत्त्या निघेनात. आईने साचे आपटले, उलटे धरून थापट्या मारल्या. व्यर्थ.

वहिनीचा चेहरा उतरला होता. तरी ती हळूच म्हणाली, "आई, गारठलं की आकसतं ना? मग आणखी गार केलं तर पत्रा सोडेल."

आईने साचा तिच्यापुढे सरकवला. वहिनीने तो गार पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवला, मग उलटा केला. मेणबत्ती अलगद तिच्या हातात आली.

इतकी वर्षं आपटून आईने सगळ्या साच्यांना पोचे पाडले होते. त्यांवरून हात फिरवत ती म्हणाली, "भांडं चढव."

मेण पातळ व्हायला वेळ लागतो. आई स्टुलावर टेकली आणि विचारू लागली, पण पाणी गोठवतात कसं? वहिनीने सांगितलं, नळ्यांतून एक वायू फिरतो. दाबून निववला की तो पाण्यासारखा पातळ होतो. मोकळा सोडला की पुन्हा वायू होतो, आणि होता होता आसपासची ऊब घेऊन जातो.

"जाताना ऊब नेतो?" आईला ते पटेना. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. दादाने जेवणाचं विचारलं, तर म्हणाली, स्वयंपाकघर तिकडे आहे.

मेण पातळ झालं. आई स्टुलावरून उठली नाही.

"ओत," ती वहिनीला म्हणाली. "काठोकाठ."