सुथिनची सीट

सीट मागे सरकली आणि बायका किंचाळल्या.

पिकअपची दोन्ही दारं सताड उघडी होती. आत कुणी नव्हतं. ड्रायव्हरच्या सीटला मंतरलेल्या पांढऱ्या सुताचे वेढे घातले होते. समोर तबकात उकडलेली अंडी होती आणि लाल सोड्याची बाटली, तिच्यात स्ट्रॉसुद्धा खोचलेला. मेला तरी माणूस, त्याला तहान लागतेच! सुताचं टोक हातात धरून गावचा मांत्रिक आचान खेम दाराशी गुडघे टेकून बसला होता. त्याने डोळे मिटले, काहीबाही पुटपुटला, अंगाला एक झटका दिला आणि रिकामी सीट खाडकन मागे गेली.

"टेकून बसला!" आचान ओरडला. "पाहिलंत? सुथिन पाय पसरून टेकून बसला!"

आचानच्या चढावरच्या अंगणात जमलेलं सगळं गाव हात जोडून खाली वाकलं. चिंचेखाली उभ्या असलेल्या विलाईबाई मात्र वाकल्या नाहीत. गावच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं होतं. समोर वाकलेल्या पाठींपैकी निम्म्याअधिक त्यांच्या विद्यार्थ्यांच्या होत्या. सगळ्यात पुढची पाठ तर त्यांच्या सख्ख्या भावाची, कमपोनची.

पिकअप कमपोनचीच. आधी ती सुथिनची होती. पावसात घसरून झाडावर आदळली आणि सुथिन जागीच गेला. त्याच्या बायकोने, चानपेनने, गाडी शहरात दुरुस्त करून घेतली आणि कमपोनला विकली. कमपोन तिच्यातून कलिंगडं बाजारात न्यायचा. पण गाडी घेतल्यापासून त्याच्या कमरेत चमका निघू लागल्या, डावा पाय बधिर होऊ लागला. एकदा भर रस्त्यात पाय पेडलवरून सुटला आणि गाडी कलिंगडांसकट भातखाचरात गेली. जीव वाचला, हेच नशीब.

बाईंनी त्याला बळेबळे तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाली, "हाडं शाबूत आहेत. तुम्ही गाडीत बसता कसे?"

"सगळे बसतात तसाच," कमपोन म्हणाला आणि परस्पर आचानकडे गेला.

आचानने गाडीभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला. सुथिन अजून सीटवरून उठलेला नाही. त्याला न्याय हवाय. चानपेनने त्या सकाळी त्याच्या भातात गुंगीचं औषध कालवलं होतं, म्हणून त्याला गाडी चालवताना डुलकी लागली.

झालं! चानपेन नाक्यावर चिकट भात आणि भाजलेली कोंबडी विकायची. त्या दिवसापासून तिच्याकडे कुणी फिरकेना. एके सकाळी तिच्या शेगडीत मेलेला उंदीर सापडला. आणि आज तिला सगळ्या गावासमोर त्या सीटपुढे बसवलं होतं. गुन्हा कबूल करायचा आणि दिवस मावळायच्या आत गाव सोडायचं, असं ठरलं होतं.

"ज्याला शंका असेल त्याने सीटवर बसावं," आचान म्हणाला. "डोळे मिटा, हात नाकासमोर सरळ करा, मग डोळे उघडा."

एक तरुण शेतकरी बसला. डोळे उघडले तर हात स्टिअरिंगच्या उजव्या कडेबाहेर, दाराकडे! मग सरपंच बसला. त्याचंही तेच.

"बघा, ढकलतोय!" आचान खूश झाला. "अर्धी सीट अडवून बसलाय. अहो, जिवंत होता तेव्हा तरी कुणाला सरकून जागा देत होता का?"

लोक खो खो हसले. नवऱ्याच्या नावावरचं ते हसणं चानपेन मान खाली घालून ऐकत होती. बाईंना त्या हसण्याची शिसारी आली.

"बोल चानपेन. भातात काय कालवलंस?"

"वाळकी मासळी आणि मिरची, आचान. त्यांना तेच आवडायचं."

"खोटं! आत्मा सगळं ऐकतोय!"

"थांब जरा," बाई पुढे आल्या. "मी बसते."

"बाई, तुम्ही नको. या वयात भूत छातीवर बसेल."

"माझ्या छातीवर रोज दोन नाती बसतात. सरक बाजूला."

बाई चढून बसल्या, डोळे मिटले, हात सरळ केले. डोळे उघडले तर हात दाराकडेच. गर्दीतून "हंऽ!" असा हुंकार उठला. आचान गालात हसला. पण हातांकडे बघायचं सोडून बाईंनी खाली गुडघ्यांकडे पाहिलं. गुडघेही दाराकडे होते. 'तुम्ही बसता कसे?' डॉक्टरचा प्रश्न त्यांच्या डोक्यात टकटक करू लागला.

"कमपोन, सुताचा एक वेढा सोड. हं, आता हे टोक इथे स्टिअरिंगच्या मधोमध डॅशबोर्डला लावून धर."

"ताई, मंतरलेलं सूत आहे ते..."

"धर म्हणते ना!"

डॅशबोर्डपासून सीटच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत त्यांनी सूत ताणलं आणि तिथे गाठ मारली. मग तेच सूत दाराकडच्या कोपऱ्याकडे नेलं. गाठ कोपऱ्यापर्यंत पोचेना. चांगली तीन बोटं कमी पडली.

"सरपंच, तूच सांग. याचा अर्थ काय?"

सरपंचाने डोकं खाजवलं. "सीट... तिरकी आहे?"

"शाबास. शाळेत इतक्या लवकर उत्तर दिलं नव्हतंस. आता खाली बघ."

सरपंच खाली वाकला. सीटच्या पायांशी बोल्टची जुनी भोकं रिकामी होती आणि शेजारीच नवी पाडलेली होती, वेडीवाकडी. अपघातानंतर शहरातल्या मेकॅनिकने दुसऱ्याच गाडीची सीट आणून बसवली होती. भोकं जुळेनात, म्हणून जमतील तशी पाडली.

"धड दाराकडे, नजर रस्त्याकडे," बाई म्हणाल्या. "दिवसभर कंबर पिळून बसल्यावर पाय बधिर होणार नाही तर काय? आणि डोळे मिटून हात सरळ केले की ते सीटच्या समोर जाणार. स्टिअरिंग तिच्या समोर नाहीच!"

"बरं, सीट तिरकी," आचान चढ्या आवाजात म्हणाला. "मग ती मागे कुणी ढकलली? बोल्टांनी?"

आचानच्या हातातलं सूत बोटांनी चाचपत बाई सीटखाली पोचल्या. सीट पुढेमागे करायचा दांडा तिथे होता. सूत त्याला पक्कं बांधलेलं होतं. गाडी चढावर, तोंड वर करून उभी होती. दांडा ओढला की सीट आपल्याच वजनाने मागे घसरणार. त्यांनी सीट पुढे सरकवली आणि सूत पुढच्या ओळीतल्या एका म्हातारीच्या हातात दिलं.

"ओढा आजी."

म्हातारीने हिसका दिला. खाडकन!

"अगं बाई! माझ्याही अंगात आलं की काय!"

आता लोक आचानला हसत होते. "गाठ मी नाही मारली," तो पुटपुटला. "आत्मे काय वाटेल ते करतात." कुणाच्या नजरेला नजर न देता त्याने तबकातली अंडी पिशवीत भरली आणि घसा सुकला म्हणून सुथिनच्या बाटलीतला सोडा स्ट्रॉने ओढत आत निघून गेला.

कमपोन चानपेनसमोर गुडघ्यांवर बसला. "वहिनी, चुकलो मी."

"ते राहू दे," ती म्हणाली. "मी त्यांना औषध घातलं असं तुम्हाला खरंच वाटलं?"

तिने गर्दीकडे पाहिलं. जो तो आपल्या चपलांकडे बघत होता. बाईंना जिंकल्याचा आनंद झालाच नाही. आचानची किळस त्यांना आधीपासूनच होती, आता गावाचीही आली.

"तुमच्यातल्या निम्म्यांना मी कोन मोजायला शिकवलं," त्या म्हणाल्या. "भुतापुढे सगळे वाकलात. सीटखाली वाकून एकाने तरी बघायचं होतं! गाडी असो की शरीर, कुठे दुखलं तर आधी कारण शोधा. जाणकाराला विचारा. कारण नाहीच सापडलं तर 'माहीत नाही' म्हणा, त्यात कसली लाज? पण आपल्याला माहीत नाही म्हणून एका बाईला खुनी ठरवू नका. उंदीर भुताने टाकला नव्हता. तो तुमच्यापैकीच कुणीतरी टाकला."

चानपेन उठली, गुडघ्यांवरची धूळ झटकली आणि घराकडे चालू लागली. बाई तिच्याबरोबर गेल्या.