वरच्या कप्प्यात अडकलेला पंप

मित्रांनो, मी एक जुनी निळी बॅग आहे. मला चार चाकं होती, आता तीन उरली आहेत. तरी माझा तोरा कमी झालेला नाही, कारण मी विमानात बसून आले आहे. बसून म्हणजे कोंबून!

माझा जन्म गोवंडीच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथून मी मुलुंडला जयवंतराव आणि विमलाताईंच्या घरी आले. जयवंतराव तरुणपणी गिरणीत होते. तिथल्या कापसाच्या धुळीने त्यांना दमा जडला. दम लागला की तोंडात मारायचा पंप त्यांना जवळ लागतो. प्रवासात तो माझ्या बाहेरच्या कप्प्यात असे आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

गेल्या वर्षी त्यांची लेक श्रुतिका बंगळुरूला बाळंत झाली. नातीला बघायला दोघं पहिल्यांदाच विमानाने निघाली. माझ्या पोटात डिंकाचे लाडू, दुपटी, झबली इतकी भरली की चेन कुरकुरू लागली. मग जयवंतरावांनी नायलॉनची दोरी काढली. गावी जाताना एसटीच्या टपावर टाकायचं सामान ते असंच आवळून बांधत.

"अहो, ही काय एसटी आहे?" विमलाताई म्हणाल्या.

"तू गप गं! चेन फाटली तर वाट लागेल ना!"

विमानात त्यांनी मला डोक्यावरच्या कप्प्यात ढकललं. मी मावत नव्हते. मागे माणसं खोळंबली होती. दोन बुक्के मारून त्यांनी झाकण लावलं, तेव्हा दोरीचं टोक कडीत अडकलं. आत काळोख होता आणि मला अंग हलवायलाही जागा नव्हती.

विमान वर चढलं आणि खाली ओळखीचा खोकला सुरू झाला. मग छातीतली घरघर.

"पंप... बॅगेत..."

प्रियंका नावाची हवाई सुंदरी धावत आली. झाकण चार बोटं उघडलं आणि अडलं. ती जोर लावू लागली.

"ओढू नकोस गं पोरी! ह्यांची गाठ ओढली की जास्तच बसते," विमलाताई ओरडल्या.

प्रियंका औषधांची पेटी आणायला पळाली. ठेंगण्या विमलाताई चपला काढून सीटवर चढल्या. फटीतून त्यांची बोटं आत आली. चाळीस वर्षं ह्या गाठी त्यांनीच सोडल्या होत्या, पण आज न बघता, नुसतं चाचपून सोडायची होती. पंप माझ्या कुशीत, मालक खाली तडफडतोय आणि मला तसूभर पुढे सरकता येईना! मित्रांनो, एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

अखेर गाठ सुटली. पंप खाली गेला. हळूहळू घरघर थांबली.

"आता बोला, चेन फाटली असती तर काय झालं असतं?" असं म्हणून विमलाताई रडू लागल्या.

आता मी घरात माळ्यावर पडून असते. पंप जयवंतरावांच्या सदऱ्याच्या खिशात असतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. माझ्यात खुशाल लाडू भरा, कपडे भरा. पण ज्याच्यावाचून जीव जाईल, ते माझ्या हवाली करू नका. मी सगळं जपून ठेवते. पण हाक आली, तरी मला ते उठून देता येत नाही.