दोन बोटं जास्तीचं कापड

शिवणकामात माझा हात धरणारं आमच्या पाथर्डीकडच्या गावात कुणी नाही, हे मीच सगळ्यांना सांगत असते. लोक हसतात आणि ब्लाऊज माझ्याकडेच टाकतात.

गेल्या वर्षी दसऱ्याआधी चांगुणाबाई थोरल्या निकिताला घेऊन आली. पोर पंधराची. मुकादमाला ऊसतोडीला जोडपं लागतं, म्हणून आमच्याकडे कारखाना सुरू व्हायच्या आत पोरी उजवतात. मुहूर्त-बिहूर्त कोण बघतो? चांगुणाबाई म्हणाली, "सविताताई, आत दोन बोटं कापड जास्त सोडा. अंग भरंल तसं उसवता येईल."

मी सोडलं. वर ऐटीत म्हणाले, "बघा, दोन वर्षं नवं शिवायला नको." लष्कराच्या भाकऱ्या आपण कशाला भाजायच्या, असं मनाला सांगितलं.

वैशाखात निकिता तेच ब्लाऊज आवळून घ्यायला आली. मधे एकदा पोट पडलं होतं. पोर भरली नव्हती, वाळली होती. सोडलेलं कापड आत कोरंच होतं. मी टीप मारून दिली, पैसे घेतले नाहीत. जणू तेवढ्यानं फिटणार होतं!

यंदा चांगुणाबाई धाकट्या पंकजाला घेऊन आली. सातवीतली. जूनमध्ये तिचा गणवेश मीच शिवला होता. टेप लावली तशी खिदळली, "ताई, गुदगुल्या होतात!" आई म्हणाली, "दोन बोटं जास्त सोडा." आणि माझ्या मेल्या तोंडातून "बरं" निघून गेलं.

त्या गेल्यावर कापड पसरलं, पण कात्री चालवता येईना. माझीच मला किळस आली. १०९८ला, मुलांच्या मदतीच्या सरकारी नंबरला, फोन लावला. "पोर तेराची आहे, मापं मी घेतलीत," एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक पोलिसांना घेऊन त्यांच्या दारात गेले. अठरा पुरी होईपर्यंत लग्न करणार नाही, असं पंकजाच्या बापाकडून, अंगदकडून, लिहून घेतलं. माझं नाव कुणी घेतलं नाही, पण गावाला सांगावं लागतं थोडंच?

संध्याकाळी चांगुणाबाई आली. शिव्या खायची तयारी ठेवूनच मी बसले होते. ती उंबऱ्यावर टेकली.

"फोन लावता येत हुता," ती म्हणाली, "तर माझ्या निकीच्या येळंला का न्हाई लावला, ताई?"

नंबर तेव्हाही माझ्या मशीनसमोरच होता, शाळेच्या भिंतीवर, हातभर आकड्यांत.