मेलेल्या माणसावरचा राग

डेपोत सगळे तिला आक्का म्हणत. भल्याभल्या ड्रायव्हरांना घाम फुटेल अशा वळणावरून ती बस अलगद काढायची. एका भर दुपारी थांब्यावरचा एक माणूस रस्त्यावर उतरला, तिच्या डोळ्यांत डोळे घालून त्यानं पाहिलं आणि तो सरळ बससमोर आला. आक्कानं जिवाच्या आकांतानं ब्रेक दाबला, पण माणूस वाचला नाही.

चौकशीत ती निर्दोष ठरली. पण त्यानंतर तिला स्टेअरिंगसमोर बसवेना. दार आपटलं तरी ती दचके. डोळा लागला की तोच चेहरा दिसे. डेपो मॅनेजरनं तिला सरळ कामचुकार ठरवलं. नणंदेनं तर डोक्यापाशी बोट फिरवून दाखवलं. नवरा शिंपी, स्वभावानं गरीब, पण तोही म्हणाला, "मन घट्ट कर. हे मनाचे आजार म्हणजे रिकामटेकड्यांचे चोचले."

शेवटी डेपोनंच तिला मानसतज्ज्ञाकडे धाडलं. नवरा सोबत गेला. मानसतज्ज्ञ बाई आक्काच्या भाचीच्या वयाची. झोप लागते का, तो रस्ता टाळता का, असं ती एकेक विचारत गेली.

"ताई, याला आघातानंतरचा ताणविकार म्हणतात."

"म्हणजे मी वेडी?"

"नाही हो. असं काही घडल्यावर दचकणं, झोप उडणं कुणालाही होतं. पण महिना उलटूनही ते हटत नाही, कामधाम करू देत नाही, तेव्हा आम्ही त्याला आजार म्हणतो."

"आणि महिना भरायच्या आदल्या दिवशी मी ठणठणीत होते का?" आक्का कडाडली.

"नव्हतात. कुठंतरी रेघ मारावी लागते. ती आम्ही माणसांनीच मारलीय."

नवरा मध्येच म्हणाला, "अपराधी वाटत असेल हिला. अगं, तुझी चूक—"

"कसलं अपराधी! मला त्याचा राग येतो! मरायला त्याला माझीच बस सापडली? माझ्याकडे बघत आला मेला!"

"अगं, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

"का बोलू नये? तो सुटला, मी अडकले!"

"बोलू द्या त्यांना," मानसतज्ज्ञ म्हणाली. "हा राग म्हणजे आजार नव्हे. राग यावा असंच घडलंय."

हे ऐकून आक्का पहिल्यांदा रडली, तेही दात-ओठ खात.

उपचार सुरू झाले. त्यातच एकदा ती नवऱ्याला घेऊन त्या थांब्यावर गेली. आधी थांब्याचा खांब धरून उभी राहिली, मग रस्त्याकडे बघून तिनं त्या माणसाला तोंडाला येईल ते सुनावलं. एक वाटसरू थबकला. "डोकं फिरलंय का बाईंचं?"

कधी कुणाला 'अरे' न म्हणणारा शिंपी त्याच्या अंगावर धावून गेला. "फिरलं नाही, दुखतंय! तुझा पाय मोडला तर हसायला येऊ का मी? चल, हो पुढे!"

आक्का बघतच राहिली.

काही महिन्यांनी ती पुन्हा बस चालवू लागली, आधी रिकामी, मग प्रवासी घेऊन. त्या रस्त्याची फेरी मात्र तिनं घेतली नाही, आणि का घेत नाहीस असं विचारायची मॅनेजरची छाती झाली नाही.