खोक्यावर लिहिलेलं वाय-फाय

सुनेला मुलगी झाली त्या वर्षीची ही गोष्ट. मुलगी जेमतेम मान धरायला लागली होती, आणि तिचा आजा मात्र पाठीवर पडून होता. न्हाणीघरात पाय घसरून त्याच्या मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी पायाला वजन टांगून त्याला मागच्या खोलीत झोपवलं आणि हाड सांधेपर्यंत कुशीवरसुद्धा वळायचं नाही असं बजावलं. हा आजा जन्मभर लेथच्या कारखान्यात फोरमन होता, आणि सगळे त्याला फोरमनच म्हणत. बायको होती तेव्हा रागावली की तीही फोरमनच म्हणायची.

मागच्या खोलीला खिडकी एकच, आणि समोर हात लांबवला तर लागेल अशी शेजारच्या इमारतीची भिंत. उजेड यायचा तो त्या भिंतीवर आपटून. दिवसभर फोरमनला तीच दिसे. तिच्या गिलाव्याला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. हा गवंडी माझ्या हाताखाली असता तर दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता, असं तो येईल त्याला ऐकवी.

त्याचा जीव अडकला होता थोरल्या बहिणीत. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानेच त्याला लहानाचा मोठा केला. पुढे तापात तिचे कान गेले आणि तेव्हापासून दोघं भावंडं हातांनी बोलत. त्यांच्या खुणा तिसऱ्याला कळत नसत. दोघं माझ्यासमोर बसून माझीच उणीदुणी काढतात आणि वर मीच त्यांना चहा देते, असं फोरमनची बायको म्हणायची. आता अक्का लांबच्या गावी मुलाकडे अंथरुणाला खिळली होती. पोटाचा आजार, अन्न तुटलेलं. फोनवर तिला ऐकू येणार नाही, ह्याला जागचं हलता येणार नाही, आणि घरात तेव्हा बटणांचेच फोन. भाच्याकडे कॅमेरावाला कॉम्प्युटर होता. म्हणून फोरमनच्या मुलाने सुटे भाग आणून इथेही एक कॉम्प्युटर जुळवला, बापाच्या उशाशी टेबलावर मांडला, आणि तो कामावर परगावी निघून गेला. इंटरनेटची तार खांबावरून पुढच्या खोलीतल्या वाय-फायच्या डबीपर्यंत येत होती, पण ती मागच्या खोलीत ओढायची गरज नव्हती. मदरबोर्डच्या, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाच्या, खोक्यावर ठळक अक्षरात वाय-फाय लिहिलं होतं.

सुनेने कॉम्प्युटर चालू केला तर वाय-फाय कुठेच दिसेना. पोरीला खांद्यावर टाकून तिने खोक्यातली सीडी पुन्हा घातली, मशीन बंद करून चालू केलं, आतली यादी उघडून पाहिली. यादीत तारेचं जोडकाम होतं, बिनतारी नव्हतं. मग सुरुवातीच्या निळ्या पडद्यावरच्या सगळ्या ओळी तिने एकेक वाचल्या. बंद ठेवलं असेल तर चालू करावं म्हटलं, पण बंद करायलासुद्धा तिथे काही नव्हतं.

फोरमनने तिला बाजूचा पत्रा काढायला लावला आणि दाढीचा आरसा धरून पडल्या पडल्या आत डोकावला. मागच्या बाजूला अँटेनासाठी दोन गोल भोकं होती, आणि दोन्हींत काळी बुचं.

सून आत बॅटरीचा उजेड पाडून म्हणाली, "बाबा, भोकं आहेत, पण त्यांच्या मागे काहीच नाही. नुसती रिकामी खाच आहे."

तिने दुकानदाराला फोन लावला. तो गोड बोलला. खोक्यावरचं नीट वाचा म्हणाला, वाय-फायच्या खाली बारीक अक्षरात रेडी असं आहे. रेडी म्हणजे जागा रेडी. त्या जागेत बसवायचं कार्ड वेगळं घ्यायचं असतं, आणि सध्या ते दुकानात नाही, मागवावं लागेल.

फोरमनने भिंग लावून पाहिलं. खरंच होतं. मुंगीएवढं रेडी.

"जेवण रेडी म्हणून हाक मारायची आणि रिकामं ताट पुढे ठेवायचं," तो म्हणाला. "ह्याला सांग, बोर्ड बदलून दे."

दुकानदाराने कंपनीचा नंबर दिला. कंपनीच्या फोनवर आधी गाणं लागे, मग अमुक आकडा दाबा, तमुक आकडा दाबा, आणि सगळे आकडे दाबून झाले की पुन्हा तेच गाणं. कधी माणूस लागलाच, तर तो खोक्याचा फोटो मागे. तो काढून टपालाने पाठवला की बोर्डावरच्या चिठ्ठीचा. तक्रार वरच्या साहेबांकडे गेली आहे म्हणे, आणि साहेब काही खाली येत नसत.

सुनेने सुचवलं, लांब तार आणते, दारांखालून ओढते, आज दुपारीच अक्का दिसतील. फोरमनने मान हलवली. कारखान्यात एक रीत होती आणि ती त्याच्या हाडात मुरली होती. बाहेरून आलेला माल एकदा मशिनीला लावला की तो पास. मग तो वाकडा निघो की तोकडा, तक्रारीला तोंड राहत नाही. अशा मालाला त्याने जन्मात कधी हात लावू दिला नव्हता. लाल खडूची फुली मारून कोपऱ्यात ठेवायचा आणि पाठवणारा नाक मुठीत धरून परत न्यायला येईपर्यंत वाट पाहायची.

"हा कॉम्प्युटर तारेवर चालवला, तर आपण तो पास केला," तो म्हणाला. "मग ते बदलून कशाला देतील? आणि पदरच्या पैशांनी कार्डही आणायचं नाही."

कॉम्प्युटर पत्रा उघडा टाकून तसाच राहिला. फोरमनला झोपून एका बाजूला भिंत दिसे, दुसऱ्या बाजूला ती रिकामी खाच. भाच्याचे फोन येत. अक्का आता पेजच घेते. अक्का बंद पडद्याकडे बोट दाखवून तुम्हाला विचारते. मग एकदा, पेजही घेत नाही. फोरमन दर वेळी सांगे, उद्या-परवा बोर्ड येतोच आहे.

त्या फोननंतर सून खोलीत आली ती दारातच उभी राहिली. पोर रडत होती, तिला ती थोपटतही नव्हती.

"बाबा, तुम्ही पाय टांगून अडकलात. ह्या पोरीपायी मी उंबऱ्याबाहेर पडले नाही. तिकडे अक्का पडद्याकडे बघत पडल्यात. फुली तुम्ही बोर्डावर मारलीत, पण कोपऱ्यात कोण बसलंय ते बघा. कंपनीतलं तर कुणी बसलेलं दिसत नाही."

फोरमनला पाठ फिरवायची होती, पण वळता येत नव्हतं. त्याने तोंड तेवढं भिंतीकडे केलं. पोर रडून रडून दमली. मग तो भिंतीकडेच बघत म्हणाला, "तार आण."

शेजारणीने तार आणून दिली. सुनेने ती दोन दारांखालून ओढून कॉम्प्युटरला जोडली, आणि चहा उकळायला लागावा एवढ्या वेळात पडद्यावर भाच्याची खोली उभी राहिली. भाच्याने कॅमेरा वळवला. उशांना टेकवलेली अक्का दिसली, लहान मुलीएवढी. तिने त्याला ओळखलं. ओठ हलले, डोळे भरून आले.

फोरमनने चार बोटं तोंडाशी नेली आणि अंगठा झटकला. जेवलीस का, खोटं सांगू नकोस, अशी ती त्यांची खूण होती. अक्काचा हात पांघरुणावर होता. त्यातली दोन बोटं वर आली, थोडी वळली आणि खाली पडली. तिने पुन्हा प्रयत्न केला. या खेपेला एकच बोट हललं.

"मामा, काय म्हणतेय ती?" भाच्याने विचारलं. "आम्हाला तर काहीच कळत नाही तिचं."

मागच्या आठवड्यापर्यंत ते हात चालत होते, भाच्याने तसं सांगितलंही होतं.

"मलाही नाही कळलं रे," फोरमन म्हणाला.

मग त्याने सुनेला जवळ बोलावून पोर पडद्यासमोर धरायला लावली. अक्का तिच्याकडे बघत राहिली आणि बघता बघता तिचा डोळा लागला. तरी फोरमनने कॉम्प्युटर बंद करू दिला नाही.

त्याच्या पायाचं वजन उतरायच्या आधीच, फेब्रुवारीच्या सतरा तारखेला, शुक्रवारी दुपारी अक्का वारली.